औषध बिघडलं नव्हतं, हर्षू

लाडके हर्षू,

पत्र लिहायची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करतानासुद्धा मी तीनदा विचारायचे, "कुठं करू, इथं का खाली?" पण आज सकाळपासून कशात जीव लागत नाही. दोनदा चहा उतू गेला. सुरमई कापताना बोट कापून घेतलं. तुझे पप्पा जाळी विणता विणता म्हणाले, "काय गो, शिमगा उतरला न्हाय वाटतं अजून?" त्यांना काय सांगू? सांगायचं ते तुला सांगायचंय. म्हणून तुझी अर्धी कोरी राहिलेली वही काढली आणि ओट्यावर येऊन बसले. समोर बोंबील वाळताहेत. मध्ये मध्ये उठले तर चिडू नकोस.

शाळेतलं लिहितेय बघ, शुद्ध. तूच म्हणायचीस ना, "आई, काशीदच्या गिऱ्हाइकांवर ओरडतेस तसं कागदावर नको ओरडू."

काल आपल्याकडे शिमग्याची पालखी होती. आपल्या आळीच्या बायकांनी यंदा पोपटी साड्या घेतल्या. सगळ्यांच्या एकसारख्या, नेहमीप्रमाणे, आणि पोलकी सगळ्यांची एकाच शिंपीणबाईकडे शिवलेली. मी गेल्या वर्षी नाचले नव्हते. यंदा बायकांनी ओढूनच नेलं. नाचता नाचता माझ्या पुढे सुगंधाची दिक्षा होती. आपल्या शेजारची दिक्षा गं, जिला तू गणित शिकवायचीस आणि शिकवता शिकवता रडवायचीस! पंधरा वर्षांची झाली. तुला सांगायचं राहिलं, गणपतीच्या सुमारास तिलाही तुझाच आजार निघाला. तीच शुगर, तीच इन्सुलिनची पेनं, सगळं तेच.

तर दिक्षाच्या पोलक्याला पाठीवर पिना लावलेल्या होत्या. एक नाही, चार. महिन्याभरापूर्वी माप देऊन शिवलेलं पोलकं तिच्या अंगावर लोंबत होतं. आणि बायका म्हणत होत्या, "काय गो दिक्षा, चवळीची शेंग झालीस अगदी! आम्हांला पण सांग काय करतेस ते!" पोर लाजून हसत होती. आणि पाणी पीत होती. नाचायचं, थांबायचं, बाटली तोंडाला लावायची. पालखी देवळापर्यंत पोचेतो तिसरी बाटली.

मी सुगंधाला बाजूला घेतलं. विचारलं, "पोरीची शुगर बघतेस ना?" तर ती म्हणाली, "बघते तर! दोन आठवडे वरच हाय. औषध बिघडलंय. फ्रीजमध्ये मागं सरकून गोठलं असंल. तुझं बघून मी शिकले ना वयनी, फ्रीजमध्ये थर्मामीटर पण ठेवलाय." आणि दिक्षा आमच्याकडे न बघता म्हणाली, "हो काकू. औषधच बिघडलं असेल."

तुझं वाक्य, हर्षू! शब्दाला शब्द! मी तिथंच देवळाच्या पायरीवर बसले. बायकांना वाटलं, लेकीची आठवण आली. आली होतीच.

थांब, कावळे आले.

हां. आता तुला विचारते, खरं सांग. तू पहिल्यांदा कधी टाळलंस ते औषध? मी मनातल्या मनात किती वेळा मागं जाऊन शोधलं, पण मला जागा सापडत नाही.

तू चौदाची होतीस तेव्हा आधी वाळत गेलीस. गाल बसले, डोळे खोल गेले, घागरभर पाणी प्यायचीस. मी मिरच्या ओवाळून टाकल्या. नजर काढायची मोठी हौस मला! शेवटी शाळेत चक्कर येऊन पडलीस तेव्हा डॉक्टरकडे नेलं आणि कळलं. इन्सुलिन सुरू झालं आणि दोन महिन्यांत तू भरलीस. गाल परत आले, दंड गोल झाले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मेलेली पोर परत मिळाली होती मला. मासे विकायला बसले की येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे, "ही बघा माझी हर्षू. कशी होती नि कशी भरली!" तू टोपली उचलून निघून जायचीस. मला वाटायचं, लाजतेय.

आणि त्या वर्षीचा शिमगा! शिंपीणबाईने सगळ्या पोरींसमोर टेप लावली आणि ओरडून सांगितलं, "हर्षू, तुझं माप सगळ्यांपेक्षा वाढलं गो!" पोरी हसल्या. आणि त्यात सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? मी. मी म्हटलं, "वाढू दे! खाते-पिते पोर माझी." तू त्या वर्षी नाचली नाहीस. पोटात दुखतंय म्हणालीस. त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षा म्हणालीस. मला एकदाही कळू नये? बाजारात बोंबील हातात घेतला की कुठल्या होडीचा ते सांगते मी, आणि घरातली पोर कळू नये?

बर्फाचं आता लिहायलाच हवं. त्याच्यासाठीच बसले खरं तर.

त्या वादळानंतर आठ दिवस वीज नव्हती. फ्रीज बंद. मला एवढंच माहीत होतं की तुझं औषध थंड ठेवायचं. आणि थंड ठेवायचं आम्हां कोळ्यांना कुणी शिकवायला हवं का! तुझ्या पप्पांनी होडीवरचा थर्माकोलचा खोका आणला, मी बर्फाचा चुरा घातला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तुझी पेनं त्यात पुरली, पापलेट पुरतो तशी. वर आणखी चुरा. केवढी शहाणी समजले मी स्वतःला! चार दिवसांत तुझी शुगर चढली, उलट्या सुरू झाल्या, रिक्षात घालून अलिबागला न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अहो ताई, हे औषध थंड ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठलं की त्यात काही राहत नाही, पाणी टोचल्यासारखंच." मी तिथंच रडले. तू माझा हात धरून म्हणालीस, "जाऊ दे ना आई, तुला काय माहीत."

ते एकदाच झालं, हर्षू. एकदाच. नंतर पप्पांनी फक्त तुझ्या औषधासाठी छोटा फ्रीज आणला. पण त्यानंतर तुझी शुगर वर गेली की तू म्हणायचीस, "आई, औषध बिघडलं असेल." आणि मी लगेच स्वतःला शिव्या घालायला लागायचे. दार नीट लावलं नसेल, वीज जाऊन आली असेल, मीच काहीतरी केलं असेल. धावत जाऊन नवीन पेन आणायचे. तू गप्प बघत राहायचीस. बरं केलंस का गं ते? माझी चूक माझ्याच डोळ्यांवर बांधलीस आणि मी आंधळी होऊन फिरत राहिले. राग येतो तुझा! हो, येतो. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. म्हणू देत.

मग उपास. सोमवार धरलास, संकष्टी धरलीस, मार्गशीर्षातले गुरुवार धरलेस. शुगरच्या माणसाने उपास करू नये हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं. तरी मी आळीत मिरवलं की आमची हर्षू बघा कशी देवाची! आणि एका दुपारी मी बाजारातून लवकर आले तर तू दारामागे बसून नारळाच्या वड्यांचा डबा रिकामा करत होतीस. घास गिळायच्या आत दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. मी काय केलं? डबा हिसकावला. म्हटलं, "अक्कल आहे का? शुगर किती चढेल!" तू म्हणालीस, "मी घाण आहे आई." मी म्हटलं, "नाटकं पुरे. जा, तपास शुगर."

काय बाई मी! पोर सांगत होती मी घाण आहे, आणि मला आकडा हवा होता.

शेवटच्या सहा महिन्यांत तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. कॉलेजला जायचं सोडलंस. मैत्रिणींचे फोन उचलेनास. विचारलं की, "कंटाळा आलाय." मी म्हणायचे, "कंटाळा यायला काय झालंय? जा, समुद्रावर फेरी मारून ये." जसं काही समुद्र तू कधी बघितलाच नव्हतास! बारीक मात्र होत चाललीस, आणि बायका म्हणाल्या, "आता कशी छान दिसते!" मीसुद्धा म्हटलं एकदा. माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप का नाही लागलं?

दिवाळीच्या आधी तुला दवाखान्यात नेलं ते शेवटचं. तू धापा टाकत होतीस. मी तिथंही ओरडत होते, "औषध बिघडलं होतं हो, बर्फाने, नाहीतर फ्रीजने." तू गेलीस, आणि त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून दार लावलं. म्हणाल्या, "ताई, औषध बिघडलं नव्हतं. तिने घेतलंच नव्हतं, बऱ्याच दिवसांपासून. शुद्धीत होती तेव्हा तिने स्वतः सांगितलं मला. वजन वाढायची भीती आणि मनातून खचलेलं असणं, दोन्ही होतं. या आजारातल्या पोरींचं असं होतं, त्याच्यावर इलाज असतो. माझ्याकडे उशिरा आली ती." मग म्हणाल्या, "आईला सांगू नका म्हणाली होती."

आईला सांगू नका! हर्षू, परक्या बाईला सांगितलंस आणि मला नाही?

बाहेर आले तर सगळी आळी उभी होती. सुगंधा होती. तिने विचारलं, "काय झालं गो वयनी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "औषध बिघडलं." बस्स. तेवढंच. पोरीने स्वतःहून असं केलं म्हटलं असतं तर लोकांनी तुझ्या नावाने काय काय म्हटलं असतं! त्यापेक्षा माझ्या नावाने म्हणू देत. आणि म्हणाले ते. "बर्फात पुरून आईनेच पोरीचं औषध नासवलं." गेली दीड वर्षं मी हे मान खाली घालून ऐकतेय. पप्पांनासुद्धा खरं सांगितलं नाही. मला बरं वाटायचं, खरं सांगू? तेवढी तरी शिक्षा मिळतेय असं वाटायचं.

पण माझ्या खोट्यातून सुगंधा काय शिकली बघ. फ्रीज सांभाळायला शिकली. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघते. पोरीकडे बघत नाही.

जाऊन येते. आता बसवत नाही.

आले. घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सुगंधा भाकऱ्या थापत होती. मी सरळच सांगून टाकलं. हर्षूचं औषध बिघडलं नव्हतं, ती घेत नव्हती, वजनाच्या भीतीने. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तुझ्या पोरीकडे बघ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तिने तवा आपटला. म्हणाली, "दीड वर्ष झूट बोललीस नि आता माझ्या पोरीवर आळ घेतेस? तुझं पाप माझ्या उंबऱ्यात आणू नको. माझी दिक्षा असली न्हाय!" मी म्हटलं, "माझी पण असली नव्हती गो!" तिने मला बाहेर काढलं. हाताला धरून! एवढ्या वर्षांची शेजारीण. दारात दिक्षा उभी होती. पांढरीफटक.

मी परत ओट्यावर आले, पण वही उघडता येईना. बोंबील उगाचच उलटेपालटे करत बसले. तेवढ्यात मागच्या बाजूने दिक्षा आली. तिच्या तोंडाला तोच गोडसर, पिकल्या फळासारखा वास येत होता, तुझ्या खोलीत शेवटी शेवटी यायचा तो. मला तेव्हा वाटायचं, काहीतरी लपवून खाल्लंस. तो वास म्हणजे शरीर जळतंय, हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

दिक्षा म्हणाली, "काकू, हर्षूताई खरंच घ्यायची नाही?"

"नाही."

"तिला काय वाटायचं? भीती वाटायची का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा. मी तिला कधी विचारलंच नाही. मी फक्त शुगर किती ते विचारायचे."

पोर ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मग मला विचारा."

हर्षू गो! मी विचारलं. आणि ती जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही, तुलासुद्धा नाही, ते तिचं आहे. पण एवढं सांगते, मी ओरडले नाही. अक्कल काढली नाही. "कंटाळा यायला काय झालंय" म्हटलं नाही. जीभ चावून धरली, आणि तुला माझी जीभ ठाऊक आहे! शेवटी म्हटलं, "दिक्षा, तुझी आई आत्ता मला मारेल, पण आपण तिघी दवाखान्यात जातोय." ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगा." मी म्हटलं, "न्हाय. तू सांगायचं. मी हात धरते."

आणि तिने सांगितलं. सुगंधाच्या हाताला पीठ होतं तशीच ती पोरीच्या गळ्यात पडली. रिक्षा मी बोलावली, ती येईतो हे लिहिलं. वही फळीवर ठेवून जातेय. पप्पा बोंबील उचलतील. उचलतील का? देव जाणे!

तीन दिवसांनी लिहितेय.

दिक्षा वाचली, हर्षू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. सलाइन चालू आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि मनाच्या डॉक्टर बाई रोज येऊन बसतात तिच्याजवळ. बरी झाली असं नाही म्हणणार मी. काल डबा घेऊन गेले तर तोंड फिरवून पडली होती. माझ्यावर चिडलीय म्हणे, वजन परत वाढणार म्हणून. चिडू दे. चिडायला ती आहे, एवढंच मला पुरे. सुगंधा माझ्याशी तुटक बोलते. पण माझ्या डब्यातलं जेवते.

पप्पांना परवा सगळं सांगितलं. ते जाळं खाली ठेवून उठले, किनाऱ्यावर गेले, अंधार पडायच्या आत परत आले. म्हणाले, "एकटीनं कशाला उचललंस एवढं?" मग दोघंही रडलो. तू गेल्यापासून दोघं एका वेळी रडलो नव्हतो.

आणि तू विचारशील, आई, मी डॉक्टरीणबाईंना सांगू नका म्हटलं होतं ना? म्हटलं होतंस. तुझा शब्द मोडला मी. पण तुझं गुपित सांभाळता सांभाळता अजून एक पोर घालवली असती. ते तुला आवडलं असतं का? दिक्षाला गणितात पास करायला किती धडपडायचीस तू!

तेव्हा आता ऐक, वचन देते. यापुढे कुणी माझ्यासमोर म्हणालं की बर्फाने पोर गेली, तर मी मान खाली घालणार नाही. तुझं नाव घेऊन सांगेन की माझी हर्षू आजारी होती, शरीराने आणि मनानेही. तिला वजनाची भीती वाटायची, ती आतून खचली होती, आणि आम्ही तिला खायला घातलं, दमात घेतलं, आकडे बघितले, पण तुला काय होतंय म्हणून विचारलं नाही. बाजारात सांगेन, देवळात सांगेन, शिंपीणबाईच्या दारात माप द्यायला पोरी जमतील तेव्हा तिथंही जाऊन सांगेन. लाज वाटली तरी सांगेन. तू रागावलीस तरी सांगेन.

तुझी,
उशिरा विचारणारी आई